अँप्लिफायर बुधवारी मिळेल

चांगल्या वस्तूत खोट काढणं हा काही लोकांचा स्वभाव असतो, काहींचा विरंगुळा असतो. मापसाहेबांना त्याचा पगार मिळत होता. वजनमापे कार्यालयात ते निरीक्षक होते. सत्तावीस वर्षं त्यांनी दुकानदारांच्या तराजूंकडे, वजनांकडे आणि मीटरपट्ट्यांकडे संशयाने पाहिलं होतं, आणि हा संशय संध्याकाळी टेबलाच्या खणात ठेवून घरी यायची सोय सरकारने केलेली नव्हती. घरात नवा पडदा लागला की ते दोन पावलं मागे जात, मान तिरकी करत आणि म्हणत, "डावीकडून बोटभर वर गेलाय." बायको म्हणायची, "मान सरळ करा, पडदाही सरळ होईल."

अशा माणसाला जुनी वस्तू विकून फसवणं सोपं नाही. मापसाहेबांना कुणी फसवलंही नाही. एका सरळ, प्रामाणिक शिंप्याने त्यांचं म्हणणं शब्दन् शब्द ऐकून घेतलं, एवढंच झालं.

वस्तू होती गिटारचा जुना अँप्लिफायर. जुना म्हणजे व्हॉल्व्हचा. गिटारची वायर त्यात खुपसायची, बटण दाबायचं आणि थांबायचं. आतले काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी होतात, पेटी तापते, धुळीचा खरपूस वास येतो आणि मग कुठे आवाज फुटतो. मापसाहेबांना स्वतःला गिटार येत नव्हती. शाळेच्या बँडमध्ये त्यांच्याकडे टिंगटिंग वाजवायचा त्रिकोण दिला होता, तोही पुढे काढून घेतला. गिटार वाजवायचा त्यांचा दादा.

दादा एकोणीस वर्षांचा होता आणि साहेब दहा, तेव्हा दादाने पहिल्या नोकरीच्या पगारातून असा अँप्लिफायर घेतला होता. "बारक्या, हात लावायचा नाही," असं बजावलं होतं. एका रविवारी दुपारी दादा बाहेर गेला आणि बारक्याने हात लावला. प्लग लावला, बटण दाबलं. आत फट् झालं, मागून धूर आला. दादा परत आला, पेटीकडे पाहिलं, रडणाऱ्या बारक्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाऊ दे." मग गिटार कपाटावर ठेवली. ती त्याने पुन्हा कधी खाली काढली नाही.

दोन थोबाडीत दिल्या असत्या तर विषय तिथेच संपला असता. पण दादा चिडला नाही, बोलला नाही, आणि चाळीस वर्षं झाली तरी बोलला नव्हता. मापसाहेबांना हे लागून राहिलं होतं. लोकांच्या वजनात दहा ग्रॅमची खोट निघाली की ते दंड ठोकत, पण आपल्या खात्यावरची ही खोट त्यांनी कुणाला दाखवली नव्हती. दादा दुसऱ्या शहरात राहायचा. वर्षातून एकदा भावाकडे यायचा आणि मोजून दोन दिवस राहायचा. येण्याआधीच त्याचं तिसऱ्या दिवसाचं परतीचं तिकीट काढलेलं असायचं. आता तो निवृत्त होत होता आणि महिन्याच्या शेवटी येणार होता. या वेळी त्याच्यापुढे तोच, त्याच कंपनीचा अँप्लिफायर ठेवायचा आणि हात जोडून मोकळं व्हायचं, असं मापसाहेबांनी ठरवलं. गिटार माळ्यावर होतीच. तिला नव्या तारा बसवून आणल्या.

तीन महिने ते फोनवर जाहिराती धुंडाळत होते. जुन्या वस्तू विकणारे लोक दोन प्रकारचे असतात: ज्यांना आपण काय विकतोय ते माहीत नसतं, आणि ज्यांना ते पक्कं माहीत असतं. पहिल्या गृहस्थांकडचा अँप्लिफायर बाहेरून अस्सल होता. मापसाहेबांनी मागची फळी काढली तर आत काहीच नव्हतं. "आतलं कोण बघतंय?" गृहस्थ म्हणाले. दुसऱ्याने अँप्लिफायर साठ वर्षं जुना असल्याची हमी दिली. पेटीच्या बुडाशी दोन वर्षांपूर्वीच्या तारखेचं लेबल निघालं, तेव्हा तो जराही न गडबडता म्हणाला, "ती लेबलाची तारीख आहे." तिसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी 'सासऱ्यांचं आवाजाचं मशीन' म्हणून जे दाखवलं, ते सर्दीत वाफ घ्यायचं यंत्र होतं. ते चालू होतं आणि बाईंनी घेऊन बघायचा आग्रहही केला. मापसाहेबांना त्या दिवशी सर्दी होती, म्हणून ती फेरी अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.

मग एका दुपारी, डबा खाताना, त्यांना ही जाहिरात दिसली: 'जुनी स्पीकरपेटी. वजनदार. बसायला उपयोगी. चालू केल्यास गुणगुणते.' फोटोत पँटींचा ढीग होता आणि ढिगाखालून पितळी पट्टीवरचं कंपनीचं नाव डोकावत होतं. मापसाहेबांचा घास हातातच राहिला. पत्ता घरापासून दोन गल्ल्यांवरचा, मास्टर टेलरच्या दुकानाचा होता.

इथे त्यांनी उठून जायला हवं होतं. पण मध्यमवर्गीय माणूस सल्ला घेतल्याशिवाय काही विकत घेत नाही, आणि शेजारी निवृत्त प्राचार्य राहत असतील तर सल्ला न घेताही मिळतो.

"पहिली गोष्ट," प्राचार्य म्हणाले, "चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. वस्तू आवडली असं कळलं की संपलं. जायचं, बघायचं आणि नाक मुरडायचं. एकेक खोट काढायची. विक्रेत्याचा धीर सुटला पाहिजे. तुम्हाला मी काय सांगणार म्हणा, तुमचा तर तो पेशाच!"

"त्यापेक्षा सरळ सांगा ना, हवाय म्हणून," आतून बायको म्हणाली. "दोन गल्ल्यांवरचा माणूस आहे. माझ्या ब्लाऊजचा वितभर उरलेला तुकडासुद्धा आठवणीने परत देतो तो."

या बोलण्याकडे दोन्ही पुरुषांनी दुर्लक्ष केलं.

मास्टरचं दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्री आणि गळ्यात टेप अडकवलेले मास्टर. बोलणं कमी, चष्मा नाकाच्या टोकावर, हाताशी वही. भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली पाटी होती: 'उरलेले कापड न मागता परत मिळेल.' अँप्लिफायर कोपऱ्यात होता. वर राहणारा एक भाडेकरू परदेशी जाताना तो ठेवून गेला होता आणि गेली बारा वर्षं ट्रायलला आलेली गिऱ्हाइकं त्यावर बसून बूट काढत होती.

"चालू करून दाखवा," मापसाहेब शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले.

मास्टरनी बटण दाबलं. मिनिटभर काही झालं नाही. मग जाळीमागे नारिंगी उजेड आला, तो खरपूस वास आला आणि पेटी हलक्या आवाजात गुरगुरली. मापसाहेब क्षणात दहा वर्षांचे झाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ते घाईघाईने खाली वाकले आणि हाती लागेल ती खोट काढू लागले.

"हे पुढचं कापड मळलंय. कोपऱ्यात फाटलंयसुद्धा."

"हं," मास्टर म्हणाले.

"नॉब पिवळे पडलेत. रंग उडालाय. आणि सुरू व्हायला किती वेळ लागतो! शिवाय ही गुरगुर."

मास्टरनी कानामागची पेन्सिल काढली आणि सगळं वहीत लिहून घेतलं. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी पेटीची पुढची बाजू मोजली. "बुधवारी या," ते म्हणाले.

मापसाहेब विजयी मुद्रेने घरी आले. "धीर सुटला," त्यांनी प्राचार्यांना सांगितलं. "विचार करायला वेळ मागितलाय."

आता यात मास्टरची काही चूक नव्हती. चाळीस वर्षं त्यांच्यासमोर लोक उभे राहून 'कमरेत सैल आहे', 'बाही लांब झाली' असं सांगत आले होते, आणि ते लिहून घेऊन बुधवारी करून देत आले होते. तक्रार ऐकून किंमत उतरवायची असते, हे त्यांच्या धंद्यात कधी आलंच नव्हतं. तक्रार आली की दुरुस्ती करायची. शिंप्याचा बुधवार सहसा त्या आठवड्यात येत नाही, हे जग जाणतं. पण साहेब सरकारी अधिकारी, म्हणून या कामाला मास्टरनी सगळ्यांच्या पुढे घेतलं.

बुधवारी मापसाहेब प्राचार्यांना बरोबर घेऊन गेले आणि दारातच थबकले. अँप्लिफायरवरचं मूळ कापड गेलं होतं. जागी सोफ्याचं जाड कापड होतं, त्यावर टपोरी निळी फुलं होती आणि कडेने सुबक मगजी लावली होती. पिवळ्या नॉबच्या जागी ड्रॉवरच्या चकचकीत स्टीलच्या मुठी होत्या.

"फुलं मध्यावर जुळवलीत," मास्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि काम खरोखरच नीट झालं होतं.

'अहो, जुनंच हवं होतं' असं म्हणावं, तर आवडलं होतं हे उघड होणार. ते प्राचार्यांकडे बघू लागले. प्राचार्यांनी तो इशारा समजून सूत्रं हातात घेतली.

"कापडाचं ठीक आहे," ते पेटीभोवती फिरत म्हणाले. "पण लाकूड बघा, चरेच चरे. ही पितळी पट्टी काळी पडलीय. आणि साहेब म्हणाले ती गुरगुर आहेच की अजून! वेळही तेवढाच लागतोय."

मास्टरनी वही उघडली. मापसाहेबांनी प्राचार्यांची बाही ओढली, पण प्राचार्यांनी ते उत्तेजन समजून आणखी दोन खोटी काढल्या.

"लाकडाला वेळ लागेल," मास्टर म्हणाले. "गुरगुरीचं माझ्या मेहुण्याला विचारतो. इलेक्ट्रिशियन आहे."

त्याच संध्याकाळी जाऊन पैसे टाकून पेटी उचलून आणायची, असं मापसाहेबांनी वाटेतच ठरवलं. पण आता सरकार आडवं आलं. मास्टर अस्तराचं कापड मीटरवर विकायचे. म्हणजे त्यांच्याकडे लोखंडी मीटरपट्टी होती, तिच्यावर दर वर्षी मापसाहेबांच्याच कार्यालयाचा शिक्का बसत होता, आणि आपल्या हद्दीतल्या व्यापाऱ्याकडून खरेदी करायची तर निरीक्षकाला पूर्वपरवानगी लागते. हा नियम त्या कार्यालयात फक्त मापसाहेबच पाळत असत. तो त्यांनी सहकाऱ्यांना इतक्या वेळा ऐकवला होता की आता स्वतः मोडायची सोय राहिली नव्हती.

आस्थापना विभागातल्या बाईंनी फॉर्म काढून दिला. "वस्तू कोणासाठी?"

"भावासाठी."

"भाऊ अवलंबून आहे तुमच्यावर?"

"नाही हो. माझ्याहून मोठा आहे."

"मग 'वैयक्तिक उपयोग' कसं लिहिता? 'भेट' लिहा. भेटीला वेगळा फॉर्म आहे." बाईंनी तोही काढला. "वस्तूचं वजन?"

"वजन कशाला?"

"तसा रकानाच आहे, साहेब. शिक्का मारलेल्या काट्यावर करून त्याचा दाखला जोडायचा. हा रकाना तुम्हीच सुचवला होता, सहा वर्षांपूर्वी."

वजन करायचं तर पेटी आणायला हवी आणि पेटी आणायची तर परवानगी हवी. हा पेच मोठ्या साहेबांपर्यंत गेला. ते रजेवर होते. परतल्यावर त्यांनी 'चर्चा करावी' असा शेरा मारला, पण कोणी कोणाशी, ते लिहिलं नाही. शेवटी 'अंदाजे' हा शब्द घालून अकराव्या दिवशी फाइल सुटली. सत्तावीस वर्षांत मापसाहेबांच्या सहीखाली 'अंदाजे' हा शब्द प्रथमच गेला, आणि त्या दिवशी त्यांनी डबा अर्धा परत नेला.

मास्टरनी या अकरा दिवसांचं सोनं केलं होतं. पेटी मरून रंगाने चमकत होती. पितळी पट्टी घासून घासून इतकी लख्ख झाली होती की तिच्यावरचं कंपनीचं नाव निघून गेलं होतं. मास्टरनी बटण दाबलं. दिवा लगेच लागला. हिरवा होता.

"मिनिटभर थांबायला नको," मास्टर म्हणाले. "मेहुण्याने ते काचेचे दिवे काढून नवीन सर्किट टाकलं. गुरगुर संपूर्ण बंद. बघा."

मापसाहेबांनी ऐकलं. गुरगुर संपूर्ण बंद होती. मास्टरच्या वहीत उतरलेल्या प्रत्येक वाक्याचं पालन झालं होतं. भांडावं तर कशावरून? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. 'नकोच मला' म्हणावं तर दादा परवा येणार होता. तक्रार करावी, तर पुढच्या बुधवारी या पेटीला चाकं लागली असती. आयुष्यात प्रथमच मापसाहेब एखाद्या वस्तूसमोर उभे राहून म्हणाले, "छान आहे. काही खोट नाही. परवा भाऊ येतोय, त्याच्यासाठीच हवा होता."

"ट्रायल घेतल्याशिवाय मी काम देत नाही," मास्टर म्हणाले. "भाऊ आले की घरी घेऊन येतो. त्यांनी वाजवून बघावं. काही सैल, घट्ट वाटलं तर सांगावं."

त्या रात्री जेवताना त्यांच्याकडून बायकोने सगळं काढून घेतलं आणि ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. मग ती हसायची थांबली. "मी जाऊन सांगू का त्यांना?" तिने विचारलं.

"नको," मापसाहेब म्हणाले. "आता काय उरलंय सांगण्यासारखं?"

दादा आला. केस पांढरे झाले होते, पिशवी तीच होती आणि खिशात परतीचं तिकीट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर आणि त्यांच्या मेहुण्याने पेटी वर आणली. आवाज ऐकून प्राचार्यही आले. निळ्या फुलांचा तो अँप्लिफायर बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवला गेला. मापसाहेबांनी गिटार दादाच्या हातात दिली.

दादाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वायर लावली आणि बोटं फिरवली. आवाज अगदी स्वच्छ आला, बँकेत टोकन नंबर पुकारतात तसा.

"छान आहे," दादा म्हणाला. तो सभ्य माणूस होता.

"छान नाही, दादा," मापसाहेब म्हणाले, आणि मग त्यांना थांबता येईना. "हा तुझ्या त्या अँप्लिफायरसारखाच होता. अगदी तोच. तेच मळकं कापड, तीच गुरगुर. मला तो जसा होता तसाच तुला द्यायचा होता. तुझा मी जाळला ना! चाळीस वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही ते. आणि हाही मीच घालवला. मला आवडला हे कळू नये म्हणून नको नको त्या खोटी काढत बसलो आणि या भल्या माणसाने त्या सगळ्या दुरुस्त केल्या."

प्राचार्य छताकडे बघू लागले. दादाने गिटार मांडीवर आडवी ठेवली.

"बारक्या," तो म्हणाला, "तो तू नाही जाळलास."

"मी बटण दाबलं. धूर आला."

"उरलेला आला. अँप्लिफायर आदल्या दिवशीच गेला होता. मित्राच्या गच्चीवर शायनिंग मारायला गेलो, सगळे नॉब शेवटपर्यंत फिरवले आणि फट् झालं. बाबांना काय सांगू, म्हणून रविवारी घरातून निघूनच गेलो. परत आलो तर तू रडत बसलेला. तू लहान, तुला बाबा काही करणार नव्हते. मी म्हटलं, राहू दे असंच. गप्प बसलो." त्याने चष्मा काढून पुसला. "मग सांगायचं राहूनच गेलं. गिटार हातात घेतली की तुझं तोंड दिसायचं, म्हणून ती ठेवून दिली. इथे येतो तर दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी तू असा बघायला लागतोस, की मला वाटतं, आज हा विचारणार."

मापसाहेबांना राग यायला हवा होता. चाळीस वर्षांची ही एवढी मोठी खोट समोर आली होती आणि तीही कबुलीसकट. त्यांना फक्त खूप हलकं वाटलं, आणि दादा म्हातारा झालाय हे दिसलं.

या सगळ्या वेळात मास्टर दाराशी उभे होते. ते आता पुढे आले आणि त्यांनी काखेतली कापडी पिशवी टीपॉयवर उपडी केली. घडी घातलेलं मळकं कापड निघालं. पिवळे नॉब निघाले, दोऱ्यात ओवलेले. मऊ फ्लॅनेलमध्ये एकेक गुंडाळलेले काचेचे व्हॉल्व्ह निघाले. एक जुनं सर्किट निघालं आणि चिमूटभर स्क्रू एका आगपेटीत निघाले.

"हे तुमचं उरलेलं," मास्टर म्हणाले. "गिऱ्हाइकाचा तुकडासुद्धा मी ठेवत नाही. आजच देणार होतो." मग ते मापसाहेबांकडे वळले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात किंचित धार आली. "तसाच हवा होता तर पहिल्या दिवशी बोलायचं, साहेब. मी पुसायलासुद्धा हात लावला नसता."

"परत होईल का तसा?" मापसाहेबांनी विचारलं.

मास्टरनी एक व्हॉल्व्ह उचलून उजेडासमोर धरला. मेहुण्याने मान डोलावली. "होईल," मास्टर म्हणाले. "पट्टीवरचं नाव तेवढं येणार नाही. पण उसवायला शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि मजुरीही जास्त पडते." मास्टरनी पेन्सिल काढली. "बुधवारी देतो."

मापसाहेबांनी दादाकडे पाहिलं. आज शुक्रवार होता आणि दादाचं तिकीट उद्याचं. दादाने खिशातून तिकीट काढलं, उलटसुलट करून बघितलं आणि गिटारच्या तारांत खोचून ठेवलं.

"थांबतो बुधवारपर्यंत," तो म्हणाला.

आता मास्टरकडे घाईचं कारण उरलं नव्हतं. साहेबांचं काम पुन्हा इतर सगळ्यांसारखं रांगेत गेलं आणि शिंप्याचा बुधवार आपल्या मूळ स्वभावावर आला. पहिल्या बुधवारी मेहुणा गावाला गेला होता. दुसऱ्या बुधवारी सोफ्याचं कापड काढून झालं होतं, जुनं लावायचं होतं. संध्याकाळी दोघे भाऊ चौकशीला म्हणून दोन गल्ल्या चालत जात, मास्टर 'पुढच्या बुधवारी' म्हणत, आणि दोघे हळूहळू चालत परत येत. शेजारी प्राचार्य म्हणत होते, एवढा उशीर म्हणजे फारच झालं, लेखी तक्रार करा.

पाच बुधवार लागले. मापसाहेबांनी एकदाही तक्रार केली नाही.